चौथी घागर

बाबा, चौथं नाव काय होतं?

एवढंच विचारायचं आहे. बाकीची सहा मला पाठ आहेत, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत आणि पाचव्यापासून तुमच्यापर्यंत. मध्ये एक जागा रिकामी आहे, आणि ती रिकामी आहे हे या घरात माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. बेचाळीस वर्षं झाली. पाचवीतून माझी शाळा सुटली ती तुमच्यासमोरच, त्यामुळे अक्षर असंच वेडंवाकडं येणार. नातीच्या वहीतली पानं आहेत आणि पेन्सिलही तिचीच आहे. दुपारची वेळ आहे, सगळे जेवून पडले आहेत. कोणी उठून आलं तर वहीवर दुपट्टा टाकायचा, असं ठरवून बसलो आहे.

तुम्ही मला नावं शिकवली ती घरात नाही, बोडीच्या पाळीवर, म्हणजे तिच्या बांधावर. आपली बोडी म्हणजे काही तलाव नव्हे, चार म्हशी उतरल्या की गढूळ होणारं तळं. पण तिच्याखाली उतारानं धानाच्या सात बांध्या, म्हणजे खाचरं, आणि प्रत्येक बांधी एकेका पिढीनं रान तोडून काढलेली. वरची सगळ्यात जुनी, खालची तुमची. मला तो दिवस अजून दिसतो. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू आहे. मी बारा वर्षांचा, डोक्यावर पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंड्या, मानेवरून चिखलाचं पाणी ओघळतं आहे. तुम्ही पाळीवर उभे राहून हात खालच्या अंगाला करता. "पाह्य, बोडीचं पानी पयले कोन्या बांधीत जाते?" मी म्हणतो, वरच्या. "मंग?" तिच्या खालच्या. "हाव. तसंच नाव उतरते. ज्यानं जे बांधी काढली, त्याचं नाव तिचं. म्हन." मी म्हणतो. तिसऱ्यानंतर एकदम पाचवं म्हणतो. तुम्ही ओरडत नाही. "मधातली बांधी कुठी गेली रे? पानी काय कुदून जाते?" रोवणाऱ्या बाया कंबर सरळ करून हसतात. पेंड्या तुम्ही खाली ठेवू दिल्या नाहीत, सगळी नीट येईपर्यंत. शेवटी मी सातव्या बांधीला तुमचं नाव घेतलं, तर तुमचा चेहरा एकदम मऊ झाला. म्हणालात, "थे आता नोको घेऊ. मी मेल्यावर घेजो."

त्याच वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत मला पिपाणी हवी होती. तुम्ही पितळी गडवा, पाण्याचा तांब्या, घेतलात. मी रडत रडत तो घरी आणला. तुम्ही म्हणालात, मोठा झाला की यानंच तीजेला, अक्षय तृतीयेला, पितरांच्या घागरी भरशील. पिपाणी चार दिवसांत फुटली असती हे आता कळतं, पण तेव्हा मी त्या गडव्याला तुमच्यामागं लाथ मारली होती. त्याच्या पोटाला एक पोचा आहे, तो त्याचा.

बांध्यांमधला धुरा मी फोडला, हेही तुम्हाला माहीत आहे. तुम्ही खाटेवर होता, गावात पहिल्यांदा भाड्याचा ट्रॅक्टर आला होता, आणि लहान बांधीत तो वळत नव्हता. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या बांधीमधले दोन्ही धुरे मी सपाट केले. तीन बांध्यांची एक मोठी बांधी झाली. मला वाटलं होतं तुम्ही शाबास म्हणाल. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पेज पाजत होतो तेव्हा म्हणालात, "आता काय पाहून आठवशीन?" मी म्हणालो, मले पाठ हाये सगळं. तुम्ही म्हणालात, "मंग म्हन." तेवढ्यात आईनं हाक मारली आणि मी उठून गेलो. आईनं हाक मारली नसती तरी मी उठून गेलो असतो. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

मग पहिली अक्षय तृतीया आली. तुमच्याशिवायची, आणि तुमच्या घागरीसह. पाळीवर ओळीनं सात नव्या घागरी, पुढं पळसाच्या सात पत्रावळ्या, त्यांवर वडे, सेवया, पन्हं. मागं अख्खं घर उभं. तुम्ही करायचात तसं मी गडव्यानं एकेका घागरीत पाणी ओतत नाव घेत होतो. चौथ्या घागरीपाशी वाकलो आणि समोर पाहिलं. समोर ती एक मोठी सपाट बांधी होती. तिथं काहीच नव्हतं, बाबा. धुरा नव्हता आणि नाव नव्हतं. गडव्यातून पाण्याची धार सुरू झालेली, मागं कोणीतरी खाकरलं, आणि माझ्या तोंडून एक नाव बाहेर पडलं. ते अड्याळच्या बाजारातल्या कुंभाराचं होतं. आदल्या दिवशी त्याच्याकडूनच घागरी आणल्या होत्या. तो प्रत्येक घागरीला टिचकी मारून स्वतःचंच नाव घेऊन सांगत होता, की याच्या हातची घागर गळत नाही. तेच कानात राहिलं होतं. मी जिवंत माणसाच्या नावानं पितरांचं पाणी पाडलं. त्याच पावसाळ्यात तो कुंभार गेला. माणसं काय, जातातच. त्याचं वयही झालं होतं. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. पण नंतर मी अड्याळच्या बाजारातून कधी घागर घेतली नाही.

आणि आईला कळलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तीस वर्षं ती तुमच्यामागं उभी राहून ती नावं ऐकत होती, तिला कळणार नाही तर कोणाला. पण ती सून होती. सासऱ्या-आजेसासऱ्यांची नावं तिच्या तोंडून कधी निघाली नाहीत. दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसून तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "चवथी घागर कोनाची होती रे?" मी म्हणालो, "कोनाची म्हंजे? आपल्याच बुढ्याची." तिनं माझ्याकडं पाहिलं. भाकरी उलटायची राहून गेली, करपली. मग म्हणाली, "हाव. असन." त्यानंतर ती तीन वर्षं जगली. त्या तीन वर्षांत मी कधीही तिच्याजवळ बसून म्हणू शकलो असतो, माय, मी विसरलो, कसंही करून सांग. तिनं खुणेनं सांगितलं असतं, गावातल्या त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाकडं बोट केलं असतं. बायांकडे असल्या शंभर युक्त्या होत्या. मी विचारलं नाही. मी तेव्हा घरातला कर्ता होतो ना. कर्त्यानं चुलीपुढं बसून आपल्या पणजोबाचा बाप कोण हे विचारायचं, याची मला लाज वाटली.

इतकी वर्षं हे झाकून राहिलं असतं आणि माझ्याबरोबर गेलं असतं. पण मुलाची मुलगी नागपूरला कॉलेजात आहे, ती उन्हाळ्याच्या सुट्टीत एक मोठा पांढरा कागद घेऊन आली, दाराएवढा. घराण्याची वेल काढायची म्हणाली. पहिल्यांदा सगळे हसले. मग काय झालं काही कळलं नाही, सगळं घरच त्या कागदाभोवती बसायला लागलं. मुलीची मुलगी, सात वर्षांची, ती पानं रंगवते. सुना आपल्या माहेरची नावं सांगतात आणि आपलंही नाव लिहिलं की नाही हे वाकून पाहतात. चुलतभावाची मुलं फोनवरून फोटो पाठवतात. तुमचाही एक सापडला, कोणाच्या तरी लग्नात पंगतीच्या कडेला, अर्धा कापलेला. नात प्रत्येकाला विचारायची, लहानांनाही, "तुले काय आठवते, सांग." सात वर्षांच्या पोरीला काय आठवणार? पण तिचंही लिहून घेतलं. बाबा, तुम्ही असता तर तुम्हाला आनंद झाला असता. मला झाला नाही. ती माझ्यापुढं बसून म्हणाली, "आबाजी, सुरुवातीची नावं फक्त तुमालेच येतात. सांगा," आणि मी सांगितली. चौथ्या जागी तिनं कुंभाराचं नाव लिहिलं, सुवाच्य, जाड अक्षरात. लहानीनं त्याच्याभोवती हिरवी पानं काढली. इतकंच नाही, सगळ्या पोरांनी ती सात नावं टाळ्या वाजवून पाठ केली. दिवसभर अंगणात तेच.

मग चुलतभावाला नातू झाला. तो एका संध्याकाळी पेढा घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, पोराले चवथं नाव देऊन राहिलो. तीजेले सारे जमतेच, त्याच दिवशी बारसं करून टाकू." माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. मी म्हणालो, दुसरं पाहा ना एखादं. "काहून? काय वाईट हाये? जुनंबी हाये, नवंबी वाटते. सुनेले पसंत पडलं, थेच मोठी गोष्ट समज." मी म्हणालो, पहिल्याचं घ्या, मूळ पुरुष तो. तो हसायला लागला. "थे नाव ठेवलं तं पोरगं शाळेत रोज मार खाईन, दादा!" घरातले सगळे हसले. मीही हसलो. पेढा मी नंतर गाईला दिला.

तीजेला बारा दिवस होते. मी शोधायला निघालो, बाबा, या वयात. जुने शेताचे कागद पाहिले. चष्म्यावर भिंग धरून एका भल्या माणसानं वाचून दाखवले. तुमच्या वडलांचं नाव, पुढं वल्द, म्हणजे त्यांचा बाप, तुमच्या आजोबांचं नाव, आणि तिथं कागद संपतो. पाचव्यापर्यंत येऊन थांबतो. एकच पाऊल राहिलं होतं. मग एकच माणूस उरलं, कारध्याची आत्या. तुमची धाकटी बहीण. नव्वदीच्या पुढं गेली आहे, दिसतं बरं, ऐकायला येत नाही. मला एकट्यालाच जायचं होतं, पण नातीनं ऐकलं आणि लहानीला घेऊन तीही निघाली. भंडाऱ्यापर्यंत एसटी, तिथून ऑटोनं पुलावरून पलीकडं. पूलभर मी मनात एकच वाक्य घोकत होतो.

नात पाणी प्यायला आत गेली तेवढ्यात मी आत्याच्या कानाशी लागून विचारलं. आत्या म्हणाली, "काय?" मी पुन्हा विचारलं. "जोरानं बोल गा! तोंडात काय सुपारी हाये?" शेवटी मला ओरडावं लागलं, चवथं नाव काय होतं म्हणून. नात दारात उभी. "आबाजी, तुमाले तं येते ना थे?" मी म्हणालो, "हाव, येते. आत्याची परीक्षा घेऊन राहिलो." आत्या त्यावर चिडली. "माही परीक्षा घेते मोठा! पोरीले नाव कोन सांगे रे? आमी मांगं पत्रावळ्या धरून उभ्या राहो, वडे कवा भेटन ते पाहत. अन अकरा वर्साची होती तं उजवून देल्ली मले." मी म्हणालो, तुही आजी तं सांगत असन त्याच्या गोष्टी. "सांगे न. लय सांगे. पन नाव कशी घेईन थे? सासरा होता तिचा. थे 'बुढा' म्हने. बुढ्याची बांधी, बुढ्याची खाट. घरच्या साऱ्या बाया बुढाच म्हनत."

आणि मग आत्या सांगत सुटली. नातीनं फोन पुढं धरला. बुढ्याच्या डाव्या डोळ्यातून सतत पाणी यायचं. त्याला रोज लाखोरीचं वरण लागायचं, दुसरं वाढलं तर ताटावरून उठायचा. वीज कडाडली की हा एवढा मोठा माणूस धान साठवायच्या ढोलीआड जाऊन बसायचा. आजी सासरी आली तेव्हा आठ वर्षांची होती, नाल्याला पूर आलेला, ती माहेरी जायचं म्हणून रडायला लागली. तर सासऱ्यानं तिला खांद्यावर बसवून नाल्याच्या काठावर नेलं, पाणी दाखवलं आणि म्हणाला, उतरलं की मीच नेऊन देतो. आणि उतरल्यावर नेऊन दिलं. "सासरा असा असते का कोनाचा?" आत्या म्हणाली. "अन तहान लय त्याले. गडवाभर पानी एका दमात पे. मरतानीबी पानीच मांगत होता म्हने."

मी उठून बाहेर आलो. लहानी माझ्यामागं आली आणि म्हणाली, "आबाजी, तुमच्याबी डोयातून पानी येऊन राहिलं, त्या बुढ्यासारखं." मी तिला रागावलो. उगाच रागावलो. परतताना ऑटोत लहानी माझ्याकडं पाठ करून बसली, नात मात्र खुशीत होती. घरी आल्या आल्या तिनं कागदावर, कुंभाराच्या नावाखाली, सगळं लिहिलं. डोळा, लाखोरी, वीज, नाल्याचा पूर. आता तिथं एक माणूस तयार झाला आहे, बाबा. नाव त्या कुंभाराचं आणि जगणं आपल्या बुढ्याचं. घागर भरली की त्यातला कोण येतो? कुंभार येत असेल तर तो बिचारा म्हणत असेल, हे कोणाचं घर आहे, मला कशाला बोलावतात. आणि आपला बुढा बेचाळीस वर्षं पाळीच्या पलीकडं उभा असेल, हाक यायची वाट पाहत, सातांतल्या सहा जणांना पिताना बघत. एवढी तहान असलेला माणूस. मी रात्री पाणी पीत नाही हल्ली.

तीजेच्या दिवशी मी ठरवून गेलो होतो. चौथ्या घागरीपाशी गप्प राहायचं. खोटं नाव घ्यायचं नाही, आणि मग कोणी विचारलं तर सगळं सांगून टाकायचं, चुलतभावासमोर, त्या बाळंतिणीसमोर, होईल ते होईल. पहिली घागर भरली, दुसरी, तिसरी. चौथीपाशी वाकलो. गडवा तिरपा केला, तोंड मिटून घेतलं. पाणी पडायला लागलं. मी मनात म्हणालो, बुढ्या, ये, ज्या नावाचा असशील त्या नावानं ये. अन् तेवढ्यात मागून लहानी ओरडली, "आबाजी विसरले! आबाजी विसरले!" आणि तिनं ते नाव घेतलं, शाळेत हजेरी देतात तसं, खणखणीत. तिच्यामागून सगळ्या पोरांनी घेतलं. मोठेही हसत हसत बोलले. वीस-पंचवीस तोंडांनी एकदम ते नाव पाळीवरून खाली गेलं, त्या सपाट बांधीवरून. चुलतभाऊ म्हणाला, "पाह्य दादा, आता तू नसला तरी चिंता नाई." घागर भरून वाहायला लागली होती. मी पाचवं नाव घेतलं.

दुपारी बारसं झालं. पाळण्याशी बसलेल्या बायांनी बाळाच्या कानात ते नाव सांगितलं. लेकरू चांगलं आहे, गोरं, डोक्यावर भरपूर केस. त्याचा काय दोष. मीही त्याला त्याच नावानं हाक मारली, सगळे बघत होते म्हणून. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

नात परवा नागपूरला परत जाणार. तिनं तो कागद गुंडाळून माझ्या खाटेवर ठेवला आहे आणि ही पेन्सिल दिली आहे. म्हणाली, "आबाजी, सावकाश पाहा. जिथं चूक असन तिथं गोल करून ठेवा, मग मी पेनानं पक्कं करन." पाच दिवस पेन्सिल माझ्याकडं आहे. रोज दुपारी कागद उलगडतो, गुंडाळतो. तिला सांगितलं तर ती मला काही बोलणार नाही, एवढं मला माहीत आहे. तिचा चेहरा पडेल, आणि मग ती हळूच विचारेल, मग खरं काय आहे, आबाजी? त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. खोटं काढून टाकलं तर तिथं भोक पडतं, आणि भोकाला घेऊन त्या लेकरानं काय करायचं? असं मी रोज मनाशी म्हणतो. खरं म्हणजे मला माझंच भय वाटतं. मी गेल्यावर माझीही एक घागर ठेवतील, आठवी. तिच्यापाशी वाकताना कोणी म्हणू नये, की हाच तो, ज्यानं बुढ्याला तहानलेलं ठेवलं.

ही पानं मी ढोलीच्या बुडाशी ठेवीन, तुमच्या त्या गडव्यात. तिथं कोणी हात घालत नाही.

एक मात्र सांगतो. मघाशी कागद उलगडला होता आणि चौथ्या नावाभोवती मी गोल केला आहे. इतका फिका, की चष्मा लावूनही तो मला दिसत नाही. पोरीची नजर चांगली आहे.